दोन पांढरे ढीग

कडकबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं होतं. त्यांच्या लाँड्रीतून आलेली कॉलर गळ्याला कापायची आणि त्यांच्या तोंडून आलेला शब्द त्याहून खोल कापायचा. नवऱ्याला, मुलाला, सुनेला, दारावर येणाऱ्या साबणाच्या विक्रेत्याला, सगळ्यांना एकच माप. वशिला कुणाचाच नाही.

लाँड्री घराच्या मागेच होती. एक लांबलचक खोली, एका टोकाला खोकत खोकत चालणारा जुना बॉयलर, दुसऱ्या टोकाला इस्त्रीचं टेबल, आणि मध्ये दोऱ्याच दोऱ्या. बॉयलर नवऱ्याकडे. तो माणूस इतका कमी बोलायचा की बॉयलर जास्त बोलका वाटावा. मुलगा व्हॅन घेऊन कपडे आणायचा आणि पोचवायचा. सून वर्षभरापूर्वीच घरात आली होती, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ. सासूला उत्तर देताना ती नेहमी दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. वर्षभरात एवढी अक्कल तिला आली होती.

या लाँड्रीत पांढऱ्या कपड्यांचे दोन ढीग पडत. एक चर्चचा. वेदीवर अंथरायची लांब चादर, फादरांचे पांढरे झगे, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या वेळी प्याला पुसायचे छोटे रुमाल. हा ढीग शुक्रवारी निघायचा, त्याला वेगळा टब, वेगळा साबण. प्याल्याच्या रुमालांचं पहिलं पाणी गटारात जायचं नाही. पवित्र प्याला पुसलेलं कापड ते, त्याचं पाणी कुंपणाजवळच्या स्वच्छ मातीत ओतायचं, ही जुनी रीत कडकबाई एखाद्या बिशपनं पाळावी तशी पाळत. कापड तीन पाण्यांतून निघायचं. इस्त्री करताना त्या भजन गुणगुणत आणि त्या दिवशी कुणावर आवाज चढवत नसत. त्यामुळे घरातल्या सगळ्या वाईट बातम्या शुक्रवारसाठी राखून ठेवल्या जात. काच फुटली, मुलानं व्हॅन भिंतीला घासली, सगळं शुक्रवारी. "असू दे, देव बघतोय," एवढंच म्हणून कडकबाई इस्त्री पुढे ढकलत. हे सगळं त्या फुकट करत आणि पहिल्या बाकावर बसून रविवारी त्या कपड्यांकडे पाहत. अभिमान होता त्यांना. नव्हता असं कशाला म्हणा?

दुसरा ढीग हॉटेलचा. नदीवरच्या पुलाला लागून असलेलं मोठं हॉटेल. त्या ढिगावर घर चालायचं. आणि त्या ढिगाच्या नशिबी मात्र एकच पाणी. दर कमी, कपडा डोंगराएवढा, तर किती जीव काढायचा? जो डाग पहिल्या धुण्यात निघाला तो निघाला. जो राहिला त्याच्यावर थोडी नीळ, वर दाट खळ आणि त्यावर गरम इस्त्री. डाग असा दबून बसायचा की दिसायचा नाही.

"आई, हा गेला नाही हो अजून," सून पहिल्याच आठवड्यात टेबलावरची चादर दाखवत म्हणाली होती.

"गेला नाही, झोपलाय. झोपू दे. हॉटेलात दिवे मंद असतात आणि जेवणाऱ्याचं लक्ष ताटात."

सुनेनं मान हलवली आणि खळीचं पातेलं पुढे ओढलं. तिलाही लवकरच हात बसला.

त्या वर्षी हॉटेलची दुसरी इमारत उभी राहिली. दोन्ही इमारतींच्या धुलाईचं वर्षभराचं कंत्राट एकाच लाँड्रीला द्यायचं ठरत होतं. मॅनेजर येऊन सांगून गेला की रविवारी दुपारी मालक सहकुटुंब जेवायला येणार आहेत, त्या जेवणानंतर निर्णय. कंत्राट मिळालं तर नवा बॉयलर घ्यायचा, हे कडकबाईंनी मनात पक्कं केलं होतं. नवऱ्याचा दमा जुन्या बॉयलरच्या धुरानं वाढत होता. तो बोलत नव्हता म्हणून काय झालं, त्याची छाती रोज बोलायची.

मालकांच्या जेवणासाठी हॉटेलनं आपली सर्वांत लांब चादर शनिवारी सकाळी धुवायला पाठवली. नेमकी लांबीरुंदीला वेदीच्या चादरीसारखीच. तिच्यावर हाताच्या पंजाएवढा सॉसचा जुना डाग होता, तो नेहमीच्या पद्धतीनं झोपवला गेला. संध्याकाळी दोन्ही चादरी घड्या होऊन टेबलावर होत्या. सून गाठोडी बांधायला पुढे झाली.

"तू राहू दे. तुझं लक्ष असतं कुठे!" असं म्हणून कडकबाईंनी स्वतःच दोन्ही गाठोडी भराभर बांधली, एक मुलाच्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या काखेत मारलं आणि त्या चर्चकडे सुटल्या. घाई कशाची, तर शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन असतं, रांग लांब होते. त्यांची पापांची यादी वर्षानुवर्षं ठरलेली होती. राग, राग, आणि एकदा शेजारणीबद्दल बोलले. ती यादी वेळेत पोचावी म्हणून ही धावपळ.

रविवारी पहिल्या बाकावर डावीकडे कडकबाई, मध्ये नवरा, उजवीकडे मुलगा, आणि कडकबाईंच्या पलीकडच्या बाजूला, चिमट्याच्या अंतरावर, सून. गौरवगीत सुरू झालं. हे गाणं कडकबाईंच्या खास आवडीचं. देवाची स्तुती दबक्या आवाजात करायची असते हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, नजर वेदीकडे गेली, आणि श्वास तिथेच अडकला.

चादरीच्या कोपऱ्यात पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्यानं विणलेला मुकुट होता. हॉटेलची खूण.

क्षणभर त्यांनी डोळे चोळले. मुकुट हलेना. आणि मुकुटाच्या थोडं वर, बाजूच्या उंच खिडकीतून तिरपं ऊन वेदीवर पडत होतं तिथे, तो जागा झाला होता. पंजाएवढा, तपकिरी, कडेनं निळसर. हॉटेलच्या मंद दिव्यांत आयुष्यभर झोपून राहिला असता, पण इथं देवाचं लख्ख ऊन होतं. 

त्यांनी पहिलं काय केलं असेल? सुनेला चिमटा काढला.

"काय हा घोळ घातलास?"

सुनेनं वेदीकडे पाहिलं, तिचेही डोळे मोठे झाले. "मी? गाठोडी तुम्ही बांधलीत!"

"हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. चिमटा तेवढा जोरात होता."

मागच्या बाकावरची बाई खाकरली. दोघींनी माना समोर वळवल्या. पण कडकबाईंचं डोकं आता थांबायला तयार नव्हतं. ही चादर इथं, म्हणजे वेदीची चादर तिथं. म्हणजे आज दुपारी मालकांच्या ताटाखाली. पवित्र वेदीचं वस्त्र, त्यावर सूपच्या वाट्या! 

फादरांनी पवित्र भाकर उंच उचलली. सगळं चर्च मान वर करून पाहत होतं. कडकबाईंना मान वर करता येईना. त्यांची नजर भाकरीच्या खाली, त्यांच्याच हातांनी दडवलेल्या त्या डागावर जाऊन बसली होती. मग कम्युनियनची, वेदीपाशी जाऊन ती भाकर घ्यायची वेळ झाली. बाक उठला, सून उठली, नवरा उठला. कडकबाई बसूनच राहिल्या. लोक त्यांच्या गुडघ्यांना अडखळत पुढे गेले आणि दोन मिनिटांत ही बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली. कडकबाई आज उठल्या नाहीत! काहींनी तब्येतीची काळजी केली, काहींनी नुसतीच मजा घेतली.

मिस्सा संपताच त्या वेदीमागच्या खोलीत घुसल्या. तिथे मेणबत्त्या सांभाळणारे म्हातारे काका त्यांचीच वाट पाहत होते. सगळे त्यांना मेणबत्तीकाका म्हणत.

"वहिनी, काय सुंदर काम! मुकुट बघितला मी. राजांच्या राजाचा मुकुट! मी मुद्दाम समोरच्या बाजूला येईल असा अंथरला."

"काका, पाया पडते, बाहेर जा थोडा वेळ."

काका दुखावून बाहेर गेले. फादर झगा डोक्यावरून काढत होते. हे फादर वयानं म्हातारे, गुडघ्यांनी त्याहून म्हातारे, आणि मिस्सानंतरच्या चहात कुणी मध्ये आलेलं त्यांना खपत नसे.

"फादर, माझ्या हातून वेदीची विटंबना झाली," कडकबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. त्यांना रडताना फादरांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी झगा तसाच अर्धा काढलेला ठेवला.

सगळं ऐकून झाल्यावर ते हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता खुर्चीवर बसले.

"अगं, मग काकांचा राजांचा राजा हॉटेलचा मालक निघाला म्हणायचा! जाऊ दे. कापड आहे ते. देव काही कापडावरून घर ओळखत नाही. धुतलेलं तर होतं ना?"

एवढा साधा प्रश्न. कुणीही विचारला असता. कडकबाईंनी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"काय गं?"

"एका पाण्यातून," त्या म्हणाल्या. "डाग निघाला नव्हता. मी खळ लावून दडवला होता."

"आजच?"

"नेहमीच." आणि मग बांध फुटला. एक पाणी, नीळ, झोपलेले डाग, मंद दिवे, सुनेला पहिल्याच आठवड्यात दिलेली शिकवण. बोलता बोलता त्यांनाच ऐकू आलं की हे आपण कधीच कुठल्याही शनिवारी सांगितलं नव्हतं. लपवून ठेवलं असंही नाही. ते पाप आहे असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. देवाचं काम शुक्रवारी असायचं, बाकीचे दिवस धंद्याचे.

फादर आता हसत नव्हते. "हॉटेलवाल्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मग हे मला सांगून काय उपयोग? मला तर तू नेहमी स्वच्छच देतेस."

"फादर, आज तिथं कंत्राट ठरतंय. आमच्या ह्यांचा दमा... नवा बॉयलर घ्यायचा होता. आज गप्प राहिले आणि उद्यापासून एकेक कापड तीन पाण्यांतून काढलं तर? खरंच काढीन."

"काढशील, त्यात मला शंका नाही. तू बोललेलं करतेस." फादरांनी झगा शेवटी डोक्यावरून ओढून काढला. त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले होते. "पण आज तिथं ते ज्या कामावर खूश होऊन सही करतील, ते काम तू त्यांच्यासाठी केलेलंच नाहीस. ते दुसऱ्याच घरचं आहे. आता जा लवकर, सूप थंड होतं." मग दारापर्यंत आलेल्या कडकबाईंना त्यांनी हाक मारली. "आणि हे बघ, घाबरत जाऊ नकोस. आपल्याच स्वर्गातल्या बापाचं काम आहे हॉटेलचंही."

नवरा आणि मुलगा घरी गेले. हॉटेलची चादर घडी करून सुनेनं काखेत घेतली आणि दोघी पुलाच्या दिशेनं निघाल्या.  औषधांच्या दुकानाशी आल्यावर कडकबाई थांबल्या.

"गाठोडी मीच बांधली होती. तुला उगाच चिमटा काढला. चुकलं माझं."

सून रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेचकाळली. सावरून म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"आता फार ताणू नकोस."

"नाही ताणत. पण मी काय म्हणते, मागच्या दारानं जाऊ, मॅनेजरला म्हणू चुकून दुसरं गाठोडं आलं, जेवण झालं की बदलून नेऊ. खोटं काहीच नाही त्यात. डागाचं कशाला काढायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबांसाठी तरी."

सुनेचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच तर वाईट होतं. खोटं खरोखरच एकही नव्हतं त्यात. कडकबाई पुलाच्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खोकणारा नवरा त्यांना दिसत होता. आपण काहीही केलं तरी तो काही म्हणणार नाही, हे माहीत असल्यानं जास्तच दिसत होता. मग त्यांनी सुनेच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडांना नीळ बसलेली होती. ती नीळ त्यांनीच लावायला शिकवली होती. पोरगी माहेरून येताना डाग ओळखायला शिकून आली होती, आणि यांनी तिला तो झोपवायला शिकवलं होतं.

"चल," त्या म्हणाल्या, आणि इतक्या झपाट्यानं चालू लागल्या की सुनेला पळावं लागलं.

मॅनेजर मागच्या बोळातच भेटला. टाय, घाम आणि आनंद, तिन्ही एकदम. "अहो, या या! तुम्हाला फोनच करणार होतो. मालकांनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, इतकं स्वच्छ कापड आपल्या हॉटेलात आहे हे मला माहीतच नव्हतं! कंत्राट तुमचं समजा. संध्याकाळी सही."

काचेच्या दारातून आतली खोली दिसत होती. लांब टेबल, मालक, त्यांची बायको, मुलं, नातवंडं. आणि त्यांच्या ताटांखाली वेदीची चादर, कोपऱ्यातल्या बारीक पांढऱ्या क्रुसांसकट. ती खरोखरच झळकत होती. मंद दिव्यांतसुद्धा झळकत होती.

सुनेनं कोपरानं ढोसलं. ढोसणं 'बोला' म्हणणारं होतं की 'नका बोलू' म्हणणारं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"साहेब, ती चादर तुमची नाही," कडकबाई म्हणाल्या. "ती चर्चची आहे. वेदीची. माझ्या हातून गाठोडी बदलली. तुमची ही इथे आहे." त्यांनी सुनेच्या काखेतून चादर घेतली, बोळाच्या खिडकीशी नेली आणि उजेडात उलगडली. "हा डाग बघा. हा मी धुतला नाही, खळीखाली दडवला. आजचाच नाही. तुमच्याकडे असे पुष्कळ आहेत. ती आतली आहे ती तीन पाण्यांतून निघते. तुमचे कपडे एका."

मॅनेजर आधी डागाकडे, मग त्यांच्याकडे पाहत राहिला. त्यांनी काहीतरी कारण सांगावं म्हणून तो जणू थांबला होता. दर कमी आहे म्हणा, माणसं मिळत नाहीत म्हणा. तो स्वतः रोज तेच सांगायचा.

"म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होतात?"

"हो."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय? आज?"

"आजच कळलं मला."

"काय कळलं?"

"की देवाच्या ढिगात तुमचाही ढीग येतो." आपण काय बोललो ते त्यांनाही नीटसं उमगलं नसावं, कारण लगेच त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कंत्राटाचं तुम्ही काय ते ठरवा. माझं सांगून झालं."

मॅनेजर तांबडा झाला. "ठरवायचं काय राहिलंय त्यात! आणि ती चादर आधी काढा तिथून. चर्चची चादर मालकांच्या टेबलावर! उद्या लोक मला विचारतील." तो दाराकडे वळला. तेवढ्यात आत मालकांच्या सगळ्यात धाकट्या नातीनं सॉसची वाटी कलंडवली. लाल ओघळ क्रुसाच्या अगदी जवळून वाहत गेला. आई ओरडली, पोरीचं तोंड रडवेलं झालं.

सून डोळे मिटून उभी राहिली. आता सासूबाई दार फोडून आत जाणार, याबद्दल तिला शंका नव्हती.

कडकबाईंनी मॅनेजरची बाही धरली. "जेवू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "भरल्या ताटावरून कुणी माणसं उठवतं का? झाल्यावर नेईन मी."

भांडी घासायच्या खोलीबाहेर एका बाकड्यावर दोघी बसून राहिल्या. आतून चमच्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. वेदीच्या चादरीवर अनोळखी माणसं पोटभर जेवत होती आणि कडकबाईंना वाईट वाटत नव्हतं. याचं त्यांना मोठं नवल वाटलं. छातीवरून कुणीतरी ओल्या चादरींचं गाठोडं उचलून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं. भीती एकाच गोष्टीची होती, घरी काय सांगायचं.

घरी नवरा बॉयलरची राख काढत होता. त्यानं सगळं ऐकलं, एकदा खोकला, राखेची बादली खाली ठेवली.

"वाईट बातमी शुक्रवारी सांगायची असते आपल्याकडे," तो म्हणाला.

कडकबाई हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "तुमची छाती..."

"माझी छाती माझ्याकडे. धुराडं थोडं उंच केलं तर धूर बाहेर जाईल. मुलगा आणि मी करू." थोडं थांबून, एका दमात न बसणारं आणखी एक वाक्य तो बोलला. "बरं केलंस. मला ती खळ कालवायला कधीच आवडायचं नाही."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

यावर त्यानं राखेची बादली पुन्हा उचलली, जरा खजील होऊन.

आठवड्याच्या मध्यावर हॉटेलचा निरोप मुलाबरोबर आला. कंत्राट दुसऱ्या लाँड्रीला. टेबलांच्या चादरीही तिकडेच. खोल्यांमधल्या पलंगांच्या चादरी तेवढ्या सध्या यांच्याकडे राहतील, पण मॅनेजर प्रत्येक चादर खिडकीच्या उजेडात धरून बघणार आणि मगच घेणार. "बघू दे," कडकबाई म्हणाल्या. "मीच खिडकी पुसून देते त्याला." पण रात्री त्या हिशेबाची वही उघडून बसल्या. अर्धं काम गेलं होतं, आणि ते कशानंही भरून येणार नव्हतं.

राहिली वेदीची चादर. कडकबाईंनी तिला मीठ लावलं, लिंबू लावलं, उन्हात घातलं, पुन्हा धुतलं. सॉस हट्टी होता. लाल गेला, पण क्रुसाशेजारी फिकट गुलाबी ओघळ राहिलाच. चर्चकडे अशा दोनच चादरी होत्या आणि दुसरी फाटली म्हणून शिवायला गेली होती. शुक्रवारी इस्त्रीच्या वेळी सून टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली.

"आई, अगदी थोडीशी खळ? देवासाठीच आहे म्हणून विचारते."

"नको. देवासाठीच आहे म्हणून नको."

दुसऱ्या दिवशी त्या पापनिवेदनाला गेल्या. यादीत राग पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरावर होता. बाहेर आल्यावर त्यांनी फादरांना चादर उलगडून दाखवली. "हा निघत नाही. सगळं करून बघितलं. तुम्ही म्हणाल तर नवी शिवते, पण उद्यापर्यंत व्हायची नाही."

फादरांनी चष्मा वर केला, ओघळावर बोट ठेवलं. "कशाचा?"

"एका लहान मुलीनं सॉस सांडला."

"मग अंथरा की. हेही जेवायचंच टेबल आहे."

रविवारी मेणबत्तीकाकांनी चादर अंथरली, पण राजमुकुटाच्या प्रकरणापासून ते दुखावलेले होते, त्यामुळे डागाची बाजू त्यांनी बरोब्बर लोकांकडे केली. खिडकीतून नेहमीसारखं ऊन आलं. मागच्या बाकावर कुजबूज सुरू झाली. "बाई गं, डाग! कडकबाईंच्या चादरीवर!" "गेल्या रविवारी कम्युनियनला उठल्या नाहीत, आता हे. काहीतरी आहे बरं का."

कडकबाई वळल्या. पूर्ण वळल्या, खांद्यासकट. "माझाच आहे तो," त्या म्हणाल्या. "धुतला, निघाला नाही. आणखी काही विचारायचंय?"

कुणालाच काही विचारायचं नव्हतं. सुनेनं हसू दाबण्यासाठी ओढणी तोंडाला लावली. गौरवगीत सुरू झालं तेव्हा कडकबाईंनी त्याची जी काय वरची पट्टी लावली ती पेटीवाल्यालाही गाठता आली नाही.

कम्युनियनची वेळ झाली. पहिला बाक उठला. कडकबाई सगळ्यांत आधी उठल्या, पदर नीट केला आणि वेदीकडे चालू लागल्या. डाग आता हाताच्या अंतरावर होता, अख्ख्या चर्चला दिसत होता, आणि त्या त्याच्याकडे सरळ बघत पुढे गेल्या. फादरांनी पवित्र भाकर त्यांच्यासमोर धरली.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन," कडकबाई म्हणाल्या, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.